धागा: हिमवर्षावाआधी छपराची तयारी – कामाला माळ्यावरून सुरुवात का करावी

पानगळ (मिनिआपोलिस)

मिनेसोटात पहिल्यांदाच घर घेतलेल्या मराठी कुटुंबांकडून सप्टेंबर लागला की एक प्रश्न हमखास येतो: हिवाळ्याआधी छपराचे काय काय करून घ्यावे? बहुतेकांना या प्रश्नाचे उत्तर छपराच्या वर सापडेल असे वाटते. शिंगल्स (छपरावरची डांबरी चकत्यांसारखी आवरणे) तपासाव्यात, पन्हळी साफ कराव्यात आणि जमल्यास वळचणीला हीट केबल, म्हणजे विजेवर तापणारी तार, बसवून घ्यावी, एवढी यादी झाली की काम संपले असा समज असतो. यांतली पहिली दोन कामे आवश्यकच आहेत. पण थंड प्रदेशातील छपराचे मोठे दुखणे वरून येत नसून घराच्या आतून येते, म्हणून तयारीचे पहिले काम ॲटिकमध्ये, म्हणजे छत आणि छप्पर यांच्यामधल्या माळ्यावर, शिरून करावे, असे माझे ठाम मत आहे. कारणे सविस्तर लिहिते. ज्यांचे घर किंवा हवामान वेगळे आहे त्यांनी अवश्य भर घालावी.

छपराच्या पाख्यावर एक फूट बर्फ साचला आहे आणि बाहेर उणे दहा अंश सेल्सिअस तापमान आहे, असे धरू. छपराच्या फळ्या बाहेरच्या हवेइतक्याच थंड असतील, तर तो बर्फ तसाच पडून राहतो आणि त्यापासून गळतीचा धोका नसतो. मात्र घरातील उबदार हवा छताच्या फटींतून ॲटिकमध्ये चढत असेल, तर आढ्याकडचा भाग शून्य अंशाच्या वर जातो, बर्फाचा सर्वांत खालचा थर वितळतो आणि ते पाणी बर्फाच्या आडून उताराने वळचणीकडे येऊ लागते. वळचण भिंतीच्या बाहेर झुकलेली असल्यामुळे तिला खालून घराची ऊब मिळत नाही, आणि तेथे पोचताच पाणी गोठते. असे दिवसेंदिवस होत राहिले की वळचणीवर बर्फाचा बांध उभा राहतो, त्याच्यामागे पाणी तुंबते आणि ते शिंगल्सखाली उलटे वर चढते. शिंगल्सची रचना वरून खाली वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी असते. तुंबलेले पाणी अडवणे हे त्यांचे काम नाही. जानेवारीत बाहेरच्या भिंतीलगत छतावर तपकिरी डाग उमटतो तो याच पाण्याचा.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ताजा, भुसभुशीत बर्फ स्वतःच चांगले इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, असतो. त्याचा एकेक इंच साधारण आर-१ एवढा रोध देतो (आर हे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप). त्यामुळे जितका जाड थर, तितके त्याच्याखालचे छप्पर अधिक उबदार राहते आणि वितळण अधिक होते. ज्या घराला किरकोळ हिमवर्षावात काहीच त्रास होत नाही तेच घर मोठ्या हिमवर्षावानंतर गळू लागते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

अमेरिकी सैन्याची शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळा न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर येथे आहे. तेथील अभियंत्यांनी न्यूयॉर्क राज्यातील फोर्ट ड्रम या तळावरच्या इमारतींचा या दृष्टीने अभ्यास केला होता. बाहेर सुमारे उणे साडेपाच अंश सेल्सिअस तापमान असताना ॲटिकमधील हवा उणे एक अंशाच्या खाली ठेवता आली, तर वळचणीवर त्रासदायक बर्फ साचत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ॲटिक बाहेरइतके थंड ठेवणे हे आपले उद्दिष्ट आहे. घर उबदार आणि माळा गार, हे समीकरण आपल्याकडून आलेल्या माणसाला आरंभी पटत नाही, पण सगळी तयारी त्यावरच उभी आहे.

आता कामांचा क्रम. सर्वांत आधी फटी बुजवाव्यात, त्यानंतर इन्सुलेशन वाढवावे आणि शेवटी वायुवीजन तपासावे. हा क्रम उलटा केला तर पैसे वाया जातात, कारण पसरलेल्या इन्सुलेशनमधून हवा आरपार जाते आणि एकदा त्याचा जाड थर पडला की खालच्या फटी शोधणे जवळजवळ अशक्य होते. फटी नेमक्या कोठे असतात? ॲटिकमध्ये चढण्याच्या झाकणाभोवती, सांडपाण्याच्या वायुनळीभोवती, छतात बसवलेल्या दिव्यांच्या डब्यांभोवती, विजेच्या तारा जेथून वर येतात त्या छिद्रांत, आतल्या भिंतींच्या माथ्यावर आणि चिमणीच्या चारी बाजूंनी. इन्सुलेशन बाजूला सारून पाहिल्यास काही ठिकाणी ते धुळीने काळवंडलेले दिसते. वर चढणाऱ्या हवेतील धूळ तेथे गाळली गेलेली असते, त्यामुळे तो डाग म्हणजे फटीचा पत्ताच समजावा. लहान छिद्रांना डब्यातून फवारायचा फोम किंवा कॉक (फटीत भरायचा लुकणासारखा पदार्थ) पुरतो. चिमणीभोवती मात्र फोम कदापि वापरू नये. तेथे पत्र्याची पट्टी आणि उष्णतारोधक सीलंटच हवा.

इन्सुलेशनबद्दल थोडक्यात सांगते. मिनेसोटातील नव्या घरांत ॲटिकला आर-४९ अपेक्षित असते, म्हणजे कागदी लगद्याचे सेल्युलोज असेल तर साधारण चौदा इंच. जुन्या घरांत पाचसहा इंचच सापडतात. सेल्युलोज कालांतराने दबून खाली बसते, हेही हिशेबात धरावे.

वायुवीजनासाठी हवा सॉफिटमधून, म्हणजे वळचणीच्या खालच्या बाजूच्या छिद्रे असलेल्या पट्टीतून, आत यावी आणि आढ्यावरच्या फटीतून बाहेर जावी. ॲटिकच्या दर १५० चौरस फुटांना एक चौरस फूट मोकळे छिद्र असावे, आणि वर-खाली समतोल साधला असेल व इतर अटी पाळल्या असतील तर दर ३०० चौरस फुटांना एक चौरस फूट पुरते, असा सर्वसाधारण नियम आहे. प्रत्यक्षात छिद्रे असतात, पण इन्सुलेशन भरणाऱ्याने ती आतून बुजवून टाकलेली असतात. म्हणून वाशांच्या प्रत्येक गाळ्यात वळचणीपाशी हवेची वाट मोकळी ठेवणारे प्लास्टिकचे किंवा पुठ्ठ्याचे बॅफल बसवले आहे का, हे टॉर्च घेऊन पाहावे.

पन्हळी साफ करण्यासारखी बाहेरची कामे पानगळ पूर्ण झाल्यावर, पण पहिल्या बर्फाच्या आधी करायची असतात, आणि हा मधला काळ फार लहान असतो. १९९१ मध्ये येथे ३१ ऑक्टोबरलाच हिमवादळ सुरू झाले आणि मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत २८.४ इंच बर्फ पडला, हे येथील जुने रहिवासी अजून सांगतात. डांबरी शिंगल्सच्या खालची चिकट पट्टी उन्हाच्या उबेने धरते. तापमान पाच अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ती नीट चिकटत नाही आणि शिंगलही ठिसूळ होते. म्हणून शिंगल्सची दुरुस्ती सप्टेंबरात, फार तर ऑक्टोबरच्या पूर्वार्धात करून घ्यावी.


ओटी_पडवी (ऑटवा)

धागाकर्तीचे मनःपूर्वक आभार. आम्ही याच वर्षी घर घेतले. आधीच्या मालकांनी ठेवलेल्या छायाचित्रांत वळचणीला माणसाच्या उंचीचे बर्फाचे सुळे लोंबताना दिसतात. एका कंत्राटदाराला बोलावले असता त्याने ॲटिकमध्ये डोकावूनही न पाहता सर्व बाजूंना हीट केबल बसवण्याचा सल्ला दिला आणि पन्हळी काढून टाकल्यास बांध तयारच होणार नाही, असेही सांगितले. या दोन्हींत कितपत तथ्य आहे?


पानगळ (मिनिआपोलिस)

पन्हळींचा आणि बांधाचा कार्यकारणसंबंध नाही. पन्हळ नसलेल्या घरावरही बांध तयार होतो, कारण पाणी गोठते ते वळचणीच्या थंडाव्यामुळे. पन्हळीत कुजलेली पाने असतील तर पाणी तेथे तुंबून आधी गोठते आणि तिच्या वजनाने आकडे उखडतात, इतकाच तिचा वाटा. ती साफ ठेवावी, उतारनळीचे तोंड पायापासून चारसहा फूट दूर न्यावे, आणि पन्हळ काढण्याचा विचार सोडून द्यावा. वितळलेले पाणी पायाशीच मुरले तर तळघराचे नवे दुखणे सुरू होते.

हीट केबलमुळे बांधातून पाण्याला वाट मिळते, पण आतली ऊब गळणे थांबत नाही. उलट विजेचे बिल वाढते. तरीही मी तिला सरसकट नाकारणार नाही. जेथे दोन पाखे मिळून खोलगट घळ होते, किंवा वाशांमध्ये इन्सुलेशनला जागाच नसते, अशा कोपऱ्यात स्वतःचे तापमान राखणारी केबल, जीएफसीआय सुरक्षा (वीज गळताच प्रवाह तोडणारी सोय) असलेल्या जोडणीवर, उपयोगी पडते. सर्व बाजूंना बसवण्याआधी ब्लोअर डोअर चाचणी करून घ्यावी. दारात पंखा लावून घरातील हवेचा दाब कमी करतात आणि उष्णताचित्रक कॅमेऱ्याने फटी शोधतात. त्यात दिसणारे चित्र कोणत्याही कंत्राटदाराच्या अंदाजापेक्षा अधिक खरे असते.

आणखी एक विचारून घ्यावे: छप्पर शेवटचे केव्हा बदलले आणि त्या वेळी वळचणीवर चिकट रबरी आवरण घातले होते का? या आवरणाला येथे आइस अँड वॉटर शील्ड म्हणतात. अमेरिकेच्या इमारत नियमांनुसार बर्फाच्या प्रदेशात ते वळचणीच्या कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या आत किमान २४ इंच पोचले पाहिजे. बांध रोखणे त्याच्या हातात नसते. तुंबलेले पाणी घरात शिरू न देणे एवढेच त्याचे काम आहे, आणि ते काम ते चोख करते. रुंद वळचणीच्या घरात तीन फुटांचा एकच पट्टा २४ इंचांची ही अट पूर्ण करत नाही. तेथे दोन पट्टे लागतात. ही गोष्ट करारात लिहून घ्यावी.


चिनूकवारा (कॅल्गरी)

आमच्याकडे बांधांपेक्षा निराळाच प्रकार अधिक दिसतो, त्याबद्दल लिहितो. अल्बर्टात कडाक्याच्या थंडीत पारा उणे तीसच्या आसपास आठवडाभर राहतो, आणि मग रॉकी पर्वतावरून चिनूक नावाचा उष्ण, कोरडा वारा उतरतो व काही तासांत तापमान वीस अंशांनी, कधी त्याहूनही अधिक चढते. त्या दिवशी बाहेर आभाळ निरभ्र असताना घरात छताच्या दिव्यांतून पाणी ठिबकू लागते. नवीन माणूस छपराला भोक पडले असे समजून छपरवाल्याला बोलावतो, आणि छपरवाल्याला वर काहीच सापडत नाही.

हे पाणी आपल्याच घरातले असते. स्वयंपाक, स्नान, कपडे वाळवणे, ह्यूमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारे यंत्र) यांची वाफ फटींतून ॲटिकमध्ये चढते आणि थंडगार फळ्यांवर व आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर दहिवराच्या रूपात गोठून साठत जाते. चिनूक आला की हा सगळा साठा एका दुपारीत वितळतो. म्हणून आमच्या भागात छपराच्या तयारीतले पहिले काम म्हणजे न्हाणीघराच्या पंख्याची नळी कोठे जाते ते पाहणे. कित्येक घरांत ती ॲटिकमध्येच मोकळी सोडलेली असते, किंवा सॉफिटमध्ये नेलेली असते आणि बाहेर पडलेली वाफ लगतच्या छिद्रांतून पुन्हा आत ओढली जाते. ती छपरातून किंवा भिंतीतून थेट बाहेर काढावी आणि ॲटिकमधून जाणाऱ्या भागावर इन्सुलेशनचे वेष्टण घालावे.

दुसरे काम घरातील आर्द्रता आवरण्याचे. आपल्या स्वयंपाकात उकळणे, वाफवणे, फोडण्या, कुकरच्या शिट्ट्या यांचे प्रमाण मोठे असते. शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकणारा आहे की तीच हवा जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरात सोडणारा आहे, हे तपासावे. बाहेर उणे वीसच्या खाली असेल तेव्हा घरात तीस टक्क्यांहून कमीच आर्द्रता ठेवावी. त्वचा कोरडी पडते म्हणून ह्यूमिडिफायर चाळीस-पंचेचाळीसवर चालवणाऱ्या घरांत खिडक्यांच्या काचांवर बर्फ धरतो, आणि काचेवर जे दिसते ते ॲटिकमध्ये कितीतरी अधिक प्रमाणात घडत असते.

विजेच्या पंख्याने ॲटिकची हवा खेचून बाहेर टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. हिवाळ्यात तो घातक आहे. सॉफिटमधून पुरेशी हवा मिळाली नाही तर तो पंखा घरातलीच उबदार, ओलसर हवा वर ओढतो आणि मूळ रोगच वाढवतो.


जुने_घर (बॉस्टनजवळ)

वर लिहिलेले सर्व मान्य आहे, पण ज्यांचे घर १९५० च्या आधीचे आहे त्यांनी ॲटिकमध्ये हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

पहिली म्हणजे जुने इन्सुलेशन. ते करड्या-तपकिरी, चकाकणाऱ्या, खडीसारख्या दाण्यांचे असेल तर ते व्हर्मिक्युलाइट हे खनिज असण्याची शक्यता आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटचा फार मोठा भाग मोंटाना राज्यातील लिबी येथील खाणीतून येत असे आणि त्यात फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. खाण १९९० मध्ये बंद झाली, पण तिचा माल आजही असंख्य घरांच्या माळ्यांवर आहे. हे दाणे दिसताच ते न चाळवता खाली उतरावे, मुलांना तेथे जाऊ देऊ नये, आणि पुढचे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे. तसेच चिनी मातीच्या गोट्यांवरून ताणलेली जुनी वीजजोडणी असेल, तर तिच्यावर इन्सुलेशन पसरू नये. त्या तारा मोकळ्या हवेत थंड राहतील अशा बेताने बसवलेल्या असतात. झाकल्या तर तापतात. आधी वायरमन, मग इन्सुलेशन.

दुसरी गोष्ट आमच्याकडच्या दीडमजली केप कॉड घरांची. त्यांत वरच्या मजल्यावरच्या खोल्या थेट छपराच्या पोटात असतात आणि दोन्ही बाजूंना बुटक्या भिंतींमागे त्रिकोणी पोकळी असते. लोक त्या भिंतीला इन्सुलेशन लावून समाधान मानतात. मात्र खालच्या मजल्याची उबदार हवा जमिनीच्या तुळयांमधल्या पोकळीतून त्या भिंतीच्या खालून पलीकडे जाते आणि थेट वळचणीला ऊब देते. बुटक्या भिंतीच्या बरोबर खाली प्रत्येक तुळईच्या मधला गाळा फोमच्या ठोकळ्याने बंद करून कडा सीलबंद कराव्यात. काम किचकट आणि धुळीचे आहे, परंतु या एका कामाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही.

बॉस्टनला २०१४-१५ च्या हिवाळ्यात ११०.६ इंच बर्फ पडला आणि त्यातला बहुतेक सगळा जानेवारीच्या अखेरीपासून काही आठवड्यांतच पडला. त्या काळात आमच्या गल्लीत वाफेच्या यंत्राने बांध कापणाऱ्यांची प्रतीक्षायादी लांबच लांब होती. अनेकांनी कुऱ्हाडी आणि हातोडे घेऊन शिंगल्सच फोडल्या. वसंतात नवी छपरे घालावी लागली ती बांधांमुळे कमी आणि हातोड्यांमुळे जास्त, असे माझे निरीक्षण आहे. बांध तोडण्याचा एकमेव सुरक्षित मार्ग कमी दाबाची वाफ हाच आहे. माणूस मिळेपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून नायलॉनच्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर उभा, म्हणजे उताराच्या दिशेने ठेवावा. त्यातून पाण्याला वाट होते. साधे मीठ वापरू नये. ते उणे नऊ अंशांच्या खाली फारसे चालत नाही, पत्रा गंजवते आणि खालची झाडेही मारते. कॅल्शियम क्लोराइड उणे २९ अंशांपर्यंत काम करते. झाडांना त्याचाही थोडाफार त्रास होतोच, म्हणून तेही जपूनच वापरावे.


भारवाही (संरचना अभियंता, दुलुथ)

इन्सुलेशनबद्दल माझा मतभेद नाही, परंतु या धाग्यात वजनाचा विचार अद्याप आलेला नाही.

एक इंच पाण्याचे वजन दर चौरस फुटाला सुमारे पाच पौंड भरते. ताजा बर्फ दहाबारा इंच साचला तर त्यात साधारण एवढेच पाणी असते. जुना, दबलेला बर्फ तीन ते पाच इंचांतच तितका भार देतो, आणि घट्ट गोठलेल्या बर्फाचा एकच इंच तितका भार देतो. म्हणजे छपरावर दोन फूट बर्फ आहे, एवढ्या माहितीवरून काहीच ठरवता येत नाही. तो कोणत्या प्रकारचा आहे यावर सर्व अवलंबून असते. मिनेसोटाच्या इमारत नियमांत जमिनीवरचा हिमभार दक्षिणेकडे दर चौरस फुटाला ५० पौंड आणि उत्तरेकडच्या जिल्ह्यांत ६० पौंड धरला जातो, आणि त्यावरून छपराचा भार काढतात. नियमाप्रमाणे बांधलेले घर सामान्य हिवाळा सहज पेलते. काळजी करावी ती नंतर जोडलेल्या बैठ्या पडवीची, गाडीच्या उघड्या मांडवाची, आणि उंच छपराला लागून असलेल्या खालच्या छपराची. कारण वरून घसरलेला आणि वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ तेथे साचतो व भार कित्येक पट होतो. आतल्या दारांच्या चौकटी अचानक अडकू लागणे, छतावर नव्या भेगा पडणे, वाशांतून कडकड आवाज येणे, ही लक्षणे दिसल्यास घराबाहेर पडावे आणि मग फोन करावा.

तयारी म्हणून प्रत्येक घरात रूफ रेक असावा. लांब ॲल्युमिनियमच्या दांड्याला आडवी पट्टी बसवलेले हे साधे अवजार आहे, आणि ते नोव्हेंबरातच घेऊन ठेवावे. मोठ्या हिमवर्षावानंतर दुकानात ते मिळत नाही. जमिनीवर उभे राहून वळचणीपासून वर तीनचार फुटांचा पट्टा हिमवर्षाव थांबताच मोकळा करावा. बर्फ खेचताना शिंगल्स खरवडू नयेत, एकदोन इंचांचा थर राहू द्यावा. दांडा धातूचा आहे आणि घराकडे येणारी वीजतार बहुतेक वेळा वळचणीजवळच असते, याचा विसर पडू देऊ नये. ज्या छपरातून ऊब फारच गळते, तेथे रेकने साफ केलेल्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर नवा बांध तयार होतो, हेही खरे आहे. म्हणजे पुन्हा गाडी ॲटिककडेच वळते.

एक धोका फार थोड्यांच्या ध्यानात येतो. घर तापवणाऱ्या आधुनिक भट्टीची हवा घेणारी आणि धूर सोडणारी प्लास्टिकची नळी बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बाहेर येते. छपरावरून ओढलेला बर्फ नेमका तिच्यावर पडून ती बंद झाली, तर भट्टी थांबते किंवा घरात कार्बन मोनॉक्साइड शिरण्याचा संभव असतो. रेक चालवण्यापूर्वी ती नळी कोठे आहे ते पाहावे, काम झाल्यावर तिच्याभोवतीचा बर्फ काढावा, आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असावे.

छपरावर स्वतः चढू नये. हे मी सावधगिरीचा नेहमीचा इशारा म्हणून लिहीत नाही. बर्फाखालची शिंगल काचेइतकी निसरडी असते आणि अनुभवी माणसेही दोरी बांधल्याशिवाय तेथे पाऊल टाकत नाहीत.


सेंट_लॉरेन्स (मॉन्ट्रियल)

आमच्या जुन्या वस्त्यांतील घरांना सपाट छप्पर असते आणि पाण्याचा निचरा मध्यभागी असतो. ही नळी घराच्या आतून खाली जाते, त्यामुळे घराच्या उबेने ती गोठत नाही. वळचणच नसल्यामुळे बांधाचा प्रश्नही येत नाही. आमची शरद ऋतूतली तयारी म्हणजे त्या नळीवरच्या जाळीतली पाने काढणे, कडेच्या पत्र्याच्या सांध्यांना भेगा पडल्या आहेत का ते पाहणे, आणि छपराखालच्या पोकळीतील हवा बाहेर टाकणारे व्हेंट बर्फाच्या वर राहील इतके उंच आहे ना, याची खातरी करणे. बर्फ काढायचा झाल्यास प्लास्टिकच्या फावड्याने आणि खाली काही इंच सोडून काढतात, नाहीतर आवरण फाटते.


मिरगाचा_पाऊस (रत्नागिरी)

धागा मनापासून वाचला. आमच्याकडे रोहिणी नक्षत्र लागण्याच्या आत घर शाकारून घेतात. वानरांनी फोडलेली कौले बदलायची, वासे-रिपा पाहायच्या, कोन्याच्या कौलांखाली चुना भरायचा, की पावसाळ्याची चिंता मिटते. त्यामुळे छप्पर म्हणजे वरचे पाणी अडवणारी वस्तू एवढीच माझी समजूत होती. यंदा डिसेंबरात मी आणि माझी पत्नी मुलीकडे मिनेसोटात रॉचेस्टरला येणार आहोत. मुलगी आणि जावई दोघेही इस्पितळाच्या कामात अडकलेले असतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शिडीवर न चढता या बाबतीत त्यांना काही मदत करता येईल का?


पानगळ (मिनिआपोलिस)

काका, अवश्य करता येईल, आणि ती मदत फार मोलाची ठरेल, कारण दिवसा घरी असणारा माणूसच छपरावर लक्ष ठेवू शकतो.

हलका बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्याआधी, रस्त्याच्या पलीकडे उभे राहून छपराकडे पाहावे. गॅरेज तापवलेले नसेल तर त्याच्या छपरावरचा बर्फ अखंड असतो. त्याच्याशी घराच्या छपराची तुलना करावी. घरावर आढ्याजवळ बर्फ वितळला असेल, किंवा वाशांवर पांढऱ्या रेघा राहून मधले पट्टे उघडे पडले असतील, तर ऊब गळते आहे. एखादाच गोल डाग उघडा दिसला तर त्याच्या बरोबर खाली दिवा किंवा पंखा असणार. मोबाइलवर चारी बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत. ऊब कोठून गळते आहे हे शोधायला येणाऱ्या माणसाला त्या छायाचित्रांवरून निम्मे काम झाल्यासारखे होईल.

घरात न्हाणीघराचा पंखा सुरू करून त्याच्या जाळीवर पातळ टिश्यू धरून पाहावा; तो चिकटून राहिला नाही तर पंखा हवा ओढत नाही. बाहेरच्या भिंतीलगतच्या छतावर, विशेषतः कोपऱ्यांत आणि कपाटांच्या आत, ओल किंवा काळे ठिपके आहेत का ते आठवड्याला एकदा पाहावे. ॲटिकच्या झाकणाच्या कडेला हात धरला असता गार झुळूक जाणवली, किंवा झाकणाच्या खालच्या बाजूला ओलावा दिसला, तर जावयांना सांगून तेथे फोमची पट्टी लावून घ्यावी. हे काम खोलीतल्या स्टुलावर उभे राहून होते आणि बाहेर उणे वीस असतानाही करता येते, त्यामुळे डिसेंबरात आल्यावर उशीर झाला असे मुळीच समजू नये.


भारवाही (संरचना अभियंता, दुलुथ)

काका, त्यात एवढीच भर घालतो की स्टुलावर जावयांनीच चढावे, आपण खालून पट्टी द्यावी. आणि दाराच्या बरोबर वर सुळे लोंबत असतील तर त्यांच्याखालून ये-जा न करता गॅरेजच्या दाराचा वापर करावा, विशेषतः दुपारी ऊन पडल्यावर, कारण ते त्याच वेळी सुटून पडतात.